आधी उजेडात या

धनकवडीत शेवटच्या बसथांब्यामागे
माझं पिको-फॉलचं दुकान.
भिंतीवर रिळं एकशे चाळीस,
त्यांत गुलाबीच अठरा.
गिऱ्हाईक म्हणतं, गुलाबी द्या.
मी विचारते, कुठला?
राणी, अबोली, गाजरी, डाळिंबी,
की धुऊन धुऊन विटलेला?

मशीनखाली सुपारी झोपते,
पायडलला पाठ लावून.
सकाळी तळजईवर गवतात लोळते,
घरी येताना अंगावर बाजार घेऊन येते:
कुसळं, आघाड्याचं बी,
आणि बीच वाटावी अशी एखादी,
जिला पाय असतात.

हे पाय मला आधी माहीत नव्हते.

आधी बंड्या होता.
त्याची भाकरी ताटलीत वाळली
तेव्हा शेजारचे रेणुसे म्हणाले,
श्रावण आहे, त्यालाही उपास कळतो.
आम्ही हसलो. मीही हसले.
नाकाला हात लावून पाहिला, गार होतं,
म्हटलं, ताप नाही.
तिसऱ्या दिवशी दारात
कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी.
मी फरशी धुतली.
फक्त फरशी धुतली.

डॉक्टर दांगट रागावल्या नाहीत,
तेच जास्त लागलं.
म्हणाल्या, गोचिडांचा ताप. रक्तच खातो.
एकदा ओठ वर करून हिरडी बघायची होती.
नाकावरून काही कळत नाही हो.
मग माझ्या बोटातल्या अंगुस्तानाकडे पाहून,
तुमचं तर कामच रंगाचं.

बंड्याचा पट्टा अजून खिळ्याला आहे.

आता रोज शटर ओढायच्या आधी
सुपारीला मांडीवर घेते.
कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत
उलट्या केसांतून हात फिरवते.
इतकी वर्षं आंधळी गाठ चाचपून शोधलेली बोटं,
त्यांना डोळे लागत नाहीत.
सापडली की चिमटा कातडीला टेकवून
सरळ, सावकाश, न पिळता.
रेणुसे सांगतात, रॉकेल लावा, काडीचा चटका द्या.
मी म्हणते, उसवताना
टाका ओढायचा असतो, कापड नाही.
निघालेली ती साबणाच्या पाण्यात,
बॉबिनच्या जुन्या डबीत.

मग ओठ.
हिरडीवर अंगठा दाबायचा, सोडायचा.
पांढरा ठिपका उमटतो,
एक, दोन म्हणेपर्यंत
अबोली परत भरून येते.
ते दोन आकडे मी श्वास न घेता मोजते.

मागच्या मंगळवारी मोजणं लांबलं.
तीन. चार.
हिरडी मोतिया दिसत होती.
पण ट्यूबलाइट रंग फसवते,
हे मीच तर रोज सांगते सगळ्यांना.
साडी घेऊन बाहेर या, उन्हात लावून बघा.
सुपारीला उचललं, बाहेर आणलं.
उन्हातही मोतियाच.

पाचवारी तशीच अर्धी मशीनवर.
रिक्षावाला कुत्रं म्हणून कुरकुरला,
मी म्हटलं, मीटरवर वीस जास्त, चल.
डॉक्टरांनी रक्त घेतलं,
भिंगाखाली बराच वेळ बघत राहिल्या.
आज भाकरी खाल्ली का, विचारलं.
खाल्ली. सगळी खाल्ली.
मग तुम्हाला कळलं कसं?
म्हटलं, रंग उतरला.

अठ्ठावीस दिवस गोळी, भरल्या पोटी.
बरी वाटली तरी मधे सोडायची नाही,
असं दोनदा बजावलं.
मानेवर महिन्याचं औषध; तारीख मी
रोळकर बाईंच्या ब्लाउजच्या तारखेखाली लिहिली.
बाईंचा ब्लाउज उशिरा झाला.
बाई अजून बोलत नाहीत.

काल रेणुसे आले.
हातात पिशवी नाही, कापड नाही,
मागे दोरीला त्यांचा टायगर,
शेपूट खाली.
पावसापाण्याचं बोलले, पाणी कधी येतं ते बोलले,
मग दोरीशी चाळा करत,
जरा याचं तोंड बघता का हो.
सकाळपासून पाण्याला शिवला नाहीये.

मी हात पुसले.
म्हटलं, आधी उजेडात या.