मक्याचा वास

मुहर्रकच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
बर्फाहून थंड डब्यातून एक पिशवी निघाली,
मुठीत मावेल एवढी.
आत मुजतबाच्याच पेशी,
दर्यापार जाऊन दुरुस्त होऊन आलेल्या,
आणि त्याच्यासारख्याच भेदरलेल्या, असं मला वाटलं.
लॅबवाल्यांनी असं वाटून घ्यायचं नसतं.

कोमट पाण्यात वितळवून त्या नळीतून सोडल्या
तसा खोलीभर वास सुटला.
पेशी टिकवायच्या औषधाचा तो, नेहमीचाच.
कुणी लसूण म्हणतं, कुणी सुकी मासळी.
त्याच्या आईने अबायाचा काठ नाकाला लावला:
शिनू हादा?
मी म्हणाले, मका. उकडलेला.
आणि धडगावच्या चुलीपुढे जाऊन बसले.

दित्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
शाळेत बोटं टोचून कार्डं वाटली
तेव्हा त्याला लाल मिळालं, मला पिवळं.
माझंच भारी, म्हणून मिरवला आठवडाभर.
थंडीत त्याचे गुडघे पेटायचे.
आई मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवायची,
बडवा कोंबडं मागायचा,
दवाखान्यात पांढरी गोळी. सगळ्यांना तीच.
सतराव्या वर्षी, एका रात्री
त्याने अर्धं कणीस ताटात ठेवलं.
उरलेलं उद्या, म्हणाला.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं
त्याला काय बोचत होतं ते.
रक्तात विळे.
खजुरांच्या या बेटावरही तेच विळे,
तेच एक अक्षर चुकलेलं, त्याच वळणाचं.
कुणी कुणाला दिलं, गलबतांनी की त्याही आधी,
जाणकार अजून भांडतात.

डॉक्टर सांगतात, चूक खोडलेली नाहीच.
आईच्या पोटात असताना जे रक्त वाहतं
आणि जन्मल्यावर अंग जे विसरून जातं
त्याचं फक्त कुलूप काढलंय.

पाचव्या महिन्यात मुजतबाची स्लाइड आली.
गोल. गोल. गोल.
सवयीने मी विळा शोधत राहिले.
सापडला एक, कडेला. नोंदवला.
खिडकीबाहेर शमालचा गार वारा,
आणि हा मोजे न घालता चेंडूमागे.

औषधाची किंमत मला माहीत आहे.
फोनवर आईला ती सांगितली नाही.
तिने विचारलं, जेवतो का तो पोरगा?
हो.
ताटात टाकत नाही ना?
नाही, म्हटलं.
मग बराच वेळ दोघींनी फोन ठेवला नाही.