शेरा

तासाला एकशे ऐंशी रुपये,
महिन्याला चाळीसच तास, वर मिळत नाहीत.
विद्यापीठात दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून
मी परदेशातली माणसं आकड्यांत घालतो:
अटक एक, मारहाण दोन,
बेपत्ता चार. तीन का वगळलाय
ते इरकर मॅडमनाही ठाऊक नाही.
माहिती नसेल तिथं नव्व्याण्णव.

नव्व्याण्णवच फार.

खाली गवतात मोर ओरडतो.
पहिल्या आठवड्यात दर वेळी दचकायचो.

ओळ दोन हजार एकशे सहा:
शिंपी, वय नव्व्याण्णव, पहाटे नेला.
शेजारणीच्या जबाबात एवढंच जास्तीचं
की चुलीवर दूध होतं.
मी ते शेऱ्यात लिहिलं.
मॅडमनी तांबड्यात: "कोडबुकात बसत नाही. काढ."
काढलं.

सायबर चौकात शामण्णानं चहा देत विचारलं,
"काम कसलं म्हणायचं रं तुझं?"
टायपिंग, म्हणालो.
"बरं हाय की. बसून."

रात्री आई मोरीतनं ओरडली,
"दुधाकडं बघ रे!"
मी बघतच होतो.
साय धरली, फुगली, काठाला आली,
आणि बटण कुठल्या बाजूला फिरवायचं
तेच आठवेना.