हिशेबात नसलेलं पाणी

नगरपालिकेच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय:
गळती चौतीस टक्के. जूनअखेर बावीस.
खाली माणशी लिटर, तेही कमी करायचेत,
आणि कोपऱ्यात कुणीतरी काढलेला मासा
जो पुसायचं कुणाच्या मनात येत नाही.

रात्री दोनला आम्ही निघतो, मी आणि फिसाखी.
कारूच्या गारठ्यात गाव मेल्यासारखं झोपलेलं,
नळ बंद, संडासाच्या टाक्या भरून गप्प.
या वेळी मीटर फिरत असेल
तर ते कुणाच्या तहानेनं नव्हे.

तो लोखंडी काठी रस्त्यावर टेकवतो,
वरच्या टोकाला कान लावतो. डावा.
उजवा त्यानं खाणीत गमावला.
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसा
श्वास रोखून, थोडा ओशाळून.
"इथं नाही." सात पावलं. "इथंही नाही."
मी वहीत फुल्या मारते.

क्लूफ रस्त्याच्या टोकाशी वाकला तो उठेचना.
मग काठी माझ्याकडे दिली.
तापल्या तव्यावर शिपका मारावा
तसा बारीक चर्र, पण न थांबणारा,
जमिनीखालून.

समोर सोफिया यानुआरीबाईंचं कुंपण, त्याला लागून डाळिंब.
सगळं गाव करडं पडलेलं असताना
हे एकटं हिरवंगार, निलाजरं,
फळांनी वाकलेलं.
दार उघडलं. ब्लँकेट गुंडाळलेल्या बाई म्हणाल्या,
"अकरा वर्षं झाली. वाटलंच होतं येणार तुम्ही."
आम्ही काही विचारलंच नव्हतं.

सकाळी झोलीसानं खड्डा खणला,
सांध्यावर पट्टा आवळला, चार बोल्ट.
वीस मिनिटांचं काम, पण मुळं पाइपाला बिलगलेली.
ती कापण्याआधी त्यानं हातमोजे काढून ठेवले,
का कोण जाणे.

दुपारी मी चौतीस पुसून
तेहेतीस पूर्णांक सात लिहिलं.
टाकीपल्याडच्या वस्तीत, जिथं नळ पहाटे नुसते खोकायचे,
तिथं करंगळीएवढी धार आली म्हणे.

शुक्रवारी मुद्दाम त्या गल्लीतून गेले.
बाई भांड्यांचं पाणी बादलीनं नेत होत्या
डाळिंबाच्या बुडाशी.
"किती?" मी विचारलं. सवयच लागलीये.
त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं.
"सात लिटर. लिहून घे."

वही नेमकी ऑफिसात.
मी तळहातावर लिहिलं.