सव्वासात

अर्विडच्या तळघरात, वर्कबेंचच्या तिसऱ्या खणात
छत्तीस बॅटऱ्या निघाल्या. चौकोनी, नऊ व्होल्टच्या.
एकही नवी नाही.
प्रत्येकीवर मास्किंग टेपची पट्टी, पेन्सिलीने
तारीख आणि आकडा: ८.६. ७.९. ७.४.
एकीवर नुसतंच, "लेम्पीच्या लग्नातली. हात लावू नका."

लेम्पी म्हणजे मी.

त्या जानेवारीत डुलुथला सरोवर काठापासून गोठलं होतं.
हॉलमध्ये हीटर एकच, तोही केकच्या बाजूला.
भावाचं फझ पेडल थंडीनं कुरकुरत होतं.
जर्मेनियमचं असंच, तो म्हणाला, म्हाताऱ्या गुडघ्यासारखं,
हवा बदलली की आधी त्याला कळतं.

कोरी बॅटरी त्याला चालायची नाही.
सूर धुतल्या काचेसारखा येतो म्हणे,
आरपार दिसतं, बघण्यासारखं काही नसतं.
त्याला हवी असायची दमलेली.
तार छेडली की आवाज आधी मटकन खाली बसायचा,
मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठायचा.
फारच उतरली, तर सूर तुटक,
वाक्य संपायच्या आत कुणी दार लावून घ्यावं तसा.
मधली जागा अरुंद. सव्वासात, तो म्हणायचा.
सव्वासातला घसा बसलेला असतो, पण गाणं थांबलेलं नसतं.

शेजारचा डिजिटल डिले तेवढ्यात मान टाकायचा.
"त्याला दमताच येत नाही बिचाऱ्याला."

मीटर काढला. लाल टोक, काळं टोक.
७.९ लिहिलेली भरली ६.२.
७.४ वाली, पाचच्याही खाली.
खणात नुसत्या पडून पडून उतरलेल्या,
कुणी एक तार छेडली नसताना.
त्यालाही ठाऊक होतं. पट्ट्यांवर
आकडा खोडून आकडा, त्यावर आणखी एक.
शेवटची तारीख ऑगस्टची.
सप्टेंबरात तो गेला.

माझ्या लग्नातली जिभेला लावून पाहिली,
लहानपणी पैजेवर लावायचो तशी.
झिणझिणी नाही. गंजाची चव.

८.६ वाली मात्र: ७.२५.
मला गिटार येत नाही. जाडी तार तेवढी ओढली.
ती बसली.
मी वाट पाहिली.

वरून मॅटीची हाक, गाडी गरम झालीय.
निघताना पेडलमधली केबल उपसून ठेवली.
अडकवलेली राहिली तर
रात्रभर पीत बसतं ते.