दहा मिनिटं थांब

महाप्याच्या दुसऱ्या मजल्यावर रात्रभर अठरा अंश.
मे महिन्यातही मी स्वेटर घेऊन येते.
राउटर वागतो ते एक,
लक्षात ठेवतो ते दुसरं,
हे इथं पहिल्या दिवशी शिकवतात.
वागणं म्हणजे अळवावरचं पाणी:
जतन करायचा हुकूम सोडला नाही
तर वीज गेली की गेलं.

मला ते कळलं तिसऱ्या महिन्यात.
चार तास खपून लिहिलेल्या तीनशे ओळी,
आणि मी चहाला उठले
जतन न करता.
रबाळ्याचा फीडर बसला, बॅटरीनंही दगा दिला.
परत आले तर राउटर
आदल्या आठवड्यातला.

जोडीला दिगंबर माधवी होता.
घणसोली गावातला. वडील मिठागरावर,
भरती बघून उघाडीची फळी वरखाली करायचे.
म्हणाला, घाबरू नको गो.
पहाटेपर्यंत आम्ही त्या ओळी पुन्हा लिहिल्या,
अर्ध्या त्याच्या डोक्यातून,
अर्ध्या कुरिअरच्या पावत्यांमागच्या माझ्या खरडीतून.
सकाळी साहेबांनी विचारलं तर म्हणाला,
लाईट गेली होती.
खोटं नव्हतं.
कोणी काय केलं, काय करायचं राहिलं,
हे तेव्हा कुठं लिहिलेलं नसायचं.

म्हणून मीच ती सोय केली,
गेल्या दिवाळीत, सुटी न घेता. शरमेपोटी.
कुणी काहीही बदललं
की त्याच क्षणी जतन,
आणि बाजूला नोंद:
नाव, सेकंदासकट वेळ,
काढलेल्या ओळीपुढे वजा,
घातलेल्या ओळीपुढे अधिक.
साहेब म्हणाले, आता विसरणं बंद.
मी पेढा खाल्ला.

दिगंबरची एक जुनी सवय.
जोखमीचं काम असलं की आधी
राउटरला सांगून ठेवायचं:
दहा मिनिटांत माझा आवाज आला नाही
तर बंद पड, पुन्हा ऊठ,
होतास तसा.
कमरेला दोर बांधून खाडीत उतरतात, तसं.
तो दोर मी कापला होता.
मला कळलं नव्हतं. त्यालाही नाही.

फेब्रुवारीतला मंगळवार, दोन एकेचाळीस.
तुर्भ्याच्या बाजारातला राउटर.
एका ओळीत एक आकडा चुकला
आणि त्यानं स्वतःलाच दाराबाहेर काढलं.
दिगंबर निवांत बसून राहिला, दहा मिनिटं,
दोरावर भरवसा ठेवून.
राउटर बंद पडला. उठला.
चूक तोंडपाठ करून उठला.

काट्यावर कांद्याचे ट्रक, पावत्या निघेनात.
निळी केबल गळ्यात टाकून तो
ठाणे-बेलापूर रस्त्यानं मोटरसायकलवर गेला.
चार दहाला माझ्या पडद्यावर उमटलं:
तीच ओळ, वजा.
खाली तीच ओळ, अधिक.
दोन्हींत एका आकड्याचा फरक.

दहाच्या मीटिंगला लॉग भिंतीवर.
त्याचं नाव सतरा वेळा.
साहेबांनी काही विचारलं नाही, नुसतं वाचलं.
मी तोंड उघडणार तेवढ्यात
माझ्याकडे न बघता तो म्हणाला,
माझंच आहे.
लाईट गेली होती म्हणायला
जागा कुठं ठेवली होती मी?

परवा रात्री स्क्रिप्टमध्ये तीन ओळी घातल्या.
नोंद लगेच कर.
जतनाला दहा मिनिटं थांब.
मग राउटरला हाक मार, ओ दिली तरच लिही.
कारणाचा रकाना भरावाच लागतो,
तो मीच सक्तीचा केलाय.
बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
शेवटी लिहिलं: तांत्रिक सुधारणा.

काल कॉरिडॉरमध्ये डबा उघडताना त्यानं विचारलं,
दोर परत आला काय गो?
कोणी बांधला?
मी म्हटलं, लॉगमध्ये आहे की.
त्यानं सुकटीची वाटी माझ्याकडे सरकवली.
मी नाय वाचत ते, म्हणाला.