तळटीप

पानामागे साठ रुपये. मजकूर मराठी, हवा इंग्रजीत,
शब्दशः.
साहेबांनी 'शब्दशः'खाली लाल शाईच्या दोन रेघा मारलेल्या.
काळा घोड्याच्या कोर्टात, रेकॉर्ड रूमला लागून माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली कुठल्याशा जुन्या कायद्याचा
घडी घातलेला मसुदा.

मुद्देमाल क्रमांक चौदा : वही एक, दोनशे पानी,
कव्हरवरच्या क्रिकेटपटूला पेनानं मिशा काढलेल्या.
चंद्रमणी खिल्लारे, वय चोवीस, राहणार मानखुर्द,
धंदा फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन.
आरोपांची कलमं पंचनाम्यात आहेत, मला पाठ होत नाहीत.

वाचली वही. निम्म्या कविता वाईट आहेत.
यमक अडलं की कुठूनही तलवार आणतो.
डम्पिंगच्या धुराला शिव्या, नगरसेवकाला शिव्या,
नव्या कायद्यालाही : म्हणतो, आता बोलणाऱ्याआधी
ऐकणाऱ्यालाच उचलतील.
'रान पेटवू' सात ठिकाणी.
मानखुर्दात रान कुठलं? खाडी, तिवरं, कचरा.
मी शब्दशः लिहिलं, जंगलास आग लावू,
आणि वनखात्याचा माणूस साक्षीला येतोय असं वाटून
एकटीच हसले.

मग पान एकशे बारा.
'मेमध्ये उत्पलाताईचा बार उडवून द्यायचा.
माणसं दोनशे. हॉल बघणे. पैसे???'
कडेला तपासाची पेन्सिल :
बार म्हणजे स्फोट. दोनशे म्हणजे लक्ष्य.
उत्पलाताईभोवती नुसतं वर्तुळ.

स्फोट काय असतो ते मला शब्दकोशातून कळलेलं नाही.
झवेरी बाजारातून माझा मावसभाऊ परत आला
तो एक कान तिथंच ठेवून.
अजून त्याच्या उजव्या हाताला बसूनच बोलावं लागतं.
कायदा कडक पाहिजे, असं त्याच्या खाटेशी बसून
मीच म्हणाले होते. ते मी खोडत नाही.

पण साहेब, बार लग्नाचा उडतो.
तंबाखूचा भरतात, तोही बारच.
आणि भाषणांतले बहुतेक बार फुसके निघतात,
हे तुम्ही मैदानात बंदोबस्ताला उभे राहून
माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय.

चार ओळींची तळटीप घातली.
परत आली, काट मारून :
भाषांतरकाराने मत देऊ नये.
तळटीप म्हणजे मत.
पेन्सिल म्हणजे पुरावा.

घटनेत एकोणिसाव्या कलमात बोलण्याची मोकळीक आहे,
तिच्या पायाशी निर्बंधांची ओळ, 'वाजवी' हे विशेषण लावून.
ती टीप तेवढी कुणी काटत नाही.
हळूहळू वर चढतेय पानावर.

मे गेला. पुढचाही.
उत्पलाचं लग्न मोडलं नाही,
नोंदणी कचेरीत सह्यांवर उरकलं.
दोनशेतले सहा आले,
बाकीच्यांनी म्हणे आधी फोनमधून तिचा नंबर काढला.

परवा व्हरांड्यात त्याची आई. पिशवीत लोकरी मोजे,
तुरुंगाच्या खिडकीतून परत आलेले.
मी कोण ते कुणीतरी सांगितलं, तशी जवळ सरकली.
वाटलं, आता शिव्या.
म्हणाली, "बाई, त्याचं अक्षर लागलं का तुम्हाला?
शाळेत त्यापायी लई मार खाल्ला त्यानं."

लागलं, म्हटलं.

आज ते पान पुन्हा टाईप केलं.
इंग्रजी वाक्यात 'बार' तसाच ठेवला,
तिरप्या ठशात, उलथा न करता.
वाचणाऱ्याला दारूचा गुत्ता वाटेल. वाटू दे.
साठ रुपये कापतील. कापू देत.
कुणीतरी मान वर करून
विचारेल तरी, हे काय आहे?