२२१४, पालोमा स्ट्रीट

पाण्याचं मीटर वाचणं हा माझा धंदा.
एल पासोच्या फुटपाथवर गुडघा टेकायचा,
आकड्यानं लोखंडी झाकण उचलायचं,
आत काळी कोळीण बसलेली असली
तर तिची आधी परवानगी,
मग आकडा.

माणसं मला तोंडावरून ओळखू येत नाहीत,
पाण्यावरून येतात.
अमादोर ओरोस्को म्हणजे जूनमध्ये तीस हजार गॅलन.
वाळवंटात बिलियर्डच्या टेबलासारखी हिरवळ
आणि मधोमध खुर्चीत तो, हातात पाइप;
हिरवळ जणू त्याच्याकडे पाहुणी आलेली
आणि पाहुण्याला तहान लागू देणं
त्याच्या घराण्यात बसत नव्हतं.

मग एका वर्षी आकडा एकदम बसला.
जून, चार हजार. जुलै, तीन.
एकशे आठ अंशांत तीन हजार म्हणजे
अंघोळ, कॉफी, एका माणसाची भांडी.
हिरवळ पिवळी झाली, मग पांढरी,
मग नुसती माती.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: घर रिकामं?

ऑफिसनं खात्री करायला मलाच पाठवलं.
दार उघडलं देल्फिनानं,
पायात पुरुषाचे बूट, दोन मापं मोठे.
"रिकामं?" म्हणाली, "ये, दाखवते."
मला दिसल्या काड्या.
खडीच्या आळ्यात एकेक काडी,
शाळेत हात वर करून विसरलेल्या पोरासारखी.

"ऑक्टोबरात लावल्यात.
उन्हाळ्यात रोप लावायला मी काय वेडी आहे?"
आधीची सहा तिनं पाण्यानंच मारली होती,
रोज संध्याकाळी पाजून पाजून.
चाळीस वर्षं त्याचा हात बघितलेला,
तिचाही तसाच पडलेला.
उपटून पाहिलं तर मुळं काळी, मऊ,
कुजक्या कांद्याच्या वासाची.
आता दहा दिवसांतून एकदा,
पण हातभर खोल जिरेपर्यंत,
आणि मग पाठ फिरवायची.
"पाठ फिरवायला शिकायचं
तर तीन साल्व्हिया खर्ची पडल्या," ती म्हणाली,
आणि हसली नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात गॅलार्डिया पेटला,
लाल, कडेला पिवळा,
भर दुपारी, जेव्हा कुत्रीसुद्धा
गाडीखालून बाहेर येत नाहीत.
साल्व्हियावर गुणगुण्या पक्षी भांडायला लागले.
लँटाना कुंपण सोडून रस्त्यावर आली;
दूर कुठल्या देशात म्हणे
हिला घाणेरी म्हणतात आणि उपटून फेकतात,
देल्फिनानं ती नर्सरीतून पैसे मोजून आणली होती.
आणि ते बुटकं पिवळं फूल,
पहाटे ज्याला खरोखर चॉकलेटचा वास येतो
आणि उन्हं चढली की जे मान टाकतं.
त्याच्यासाठी मी माझी फेरी उलटी केली.
पालोमा स्ट्रीट आता पहिली.
साहेबांना सांगितलं, उन्हाचा त्रास होतो.

आकडा तीन हजारांवर कायम.
इतकी फुलं आणि इतकं थोडं पाणी
मी बावीस वर्षांत कुठल्या घरी वाचलं नव्हतं.

यंदा ऑगस्टात मात्र लँटानाच्या आड
मला ती खुर्ची दिसली.
खुर्चीखाली गवत.
चटईएवढं, जास्त नाही,
कडा कात्रीनं कापलेल्या.
देल्फिना मोरीतून टब घेऊन आली,
भांड्यांचं पाणी, वर एक भाताचं शीत तरंगत होतं.
तिनं ते ओतलं, सावकाश,
चारी पायांच्या मध्ये.

हे पाणी मीटरमधून एकदाच जातं,
भांड्यांच्या नावानं.
पुढं त्याचं काय होतं
याला माझ्या वहीत रकाना नाही.

"गवत इथं टिकत नाही, मला ठाऊक आहे,"
ती म्हणाली.
मी काही विचारलं नव्हतं.
झाकण लावलं. तीन हजार एकशे दहा.
कोळिणीनं पिल्लं घातली होती.